वरळीची चाळ ते गावचा पाणंद रस्ता : पिकअपला 'ऑल-टेरेन' टायर घ्यावेत का?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ ला वाटल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन मजली चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या सोडून माणसं ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, उंच टॉवरमध्ये गेली. वरळीत अशा १२१ चाळी. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी धरली तर २०७. या खोल्यांमध्ये घाटावरची आणि कोकणातली किती गावं राहिली ते आपल्याला माहीत आहे. कोणाचा चुलता, कोणाची मावशी, कुठं अख्ख्या गावमंडळाची खोली.

आता घर बदललं की जुनं सामान कुठं जातं? लोखंडी कपाट, सागवानी पलंग, पितळेची भांडी, मोठा पाटा-वरवंटा. भंगारात द्यायला जीव होत नाही, टॉवरच्या लिफ्टमधून वर न्यायची सोय नाही. मग गावाकडनं पिकअप बोलावतात. जाताना तांदूळ, ज्वारी, गूळ, भाजी भरून न्यायची, येताना चाळीतलं सामान घेऊन यायचं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या जावळी, पाटण, वाई, कोरेगाव भागातल्या पिकअपवाल्यांना हा धंदा तसा जुनाच आहे, फक्त यंदा फेऱ्या वाढल्यात.

आणि याच पिकअपवाल्यांमध्ये सध्या एक नवं खूळ आहे, ते म्हणजे 'ऑल-टेरेन' टायर. मोठ्या नक्षीचे, गट्टूवाले, दिसायला रांगडे. मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं टायरच्या दुकानात जातात आणि म्हणतात, "हेच बसवा." टायर चांगले आहेत की वाईट, हा प्रश्न नाही. तुमच्या गाडीला, तुमच्या मालाला आणि तुमच्या रस्त्याला ते लागतात का, हा प्रश्न आहे. चुकीचा टायर बसला तर नुसते पैसे जात नाहीत. मे महिन्यात, भरल्या गाडीला, एक्सप्रेसवेवर मागचं चाक फुटलं तर काय होतं ते सांगायला नको.

नक्षीच्या तीन जाती

टायरच्या दुकानात तीन शब्द ऐकू येतात. एच/टी म्हणजे हायवे टेरेन, ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, एम/टी म्हणजे मड टेरेन.

एच/टीला सरळ, उभ्या खाचा असतात. आपले ड्रायव्हर त्याला 'रिब' म्हणतात. रबर सलग असल्यामुळं गाडी डांबरावर हलकी पळते, आवाज कमी, पाणी उभ्या खाचांतून मागं निघून जातं. एम/टी म्हणजे दुसरं टोक. मोठे सुटे गट्टू, मध्ये बोटभर रुंद मोकळी जागा. चिखल त्यात भरतो आणि चाक फिरलं की फेकला जातो. पण डांबरावर हा टायर घोंगावतो, लवकर झिजतो, आणि पावसात गुळगुळीत रस्त्यावर ब्रेकला भरवशाचा नाही.

ए/टी या दोघांच्या मधला. गट्टू आहेत, पण जवळजवळ. गट्टूंवर बारीक चिरा असतात, त्या ओल्या रस्त्याला धरतात. अमेरिकेत बीएफ गुडरिच कंपनीनं १९७६ मध्ये रेडियल ऑल-टेरेन टायर आणला, तिथून हा प्रकार जगभर गेला. तिथला विचार असा होता की शेतकरी, शिकारी, रांचवाला माणूस आठवडाभर डांबरावर गाडी चालवतो आणि मधूनच रान तुडवतो, त्याला दोन जोड टायर परवडत नाहीत. आपल्याकडं एमआरएफ वाँडरर, अपोलो एपटेरा, जेके रेंजर, सीएट क्रॉसड्राईव्ह, योकोहामा जिओलँडर या नावांखाली ए/टी टायर मिळतात. मात्र यातले बहुतेक टायर एसयूव्हीसाठी बनवलेले आहेत, माल वाहणाऱ्या पिकअपसाठी नाहीत. सगळा घोळ इथंच होतो, त्यामुळं पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

टायरच्या कडेवर काय लिहिलंय?

टायरच्या बाजूच्या भिंतीवर समजा '२१५/७५ आर १५' लिहिलंय. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिंगचा व्यास इंचात. काही पिकअपला '७.०० आर १५' असं जुन्या पद्धतीचं माप असतं, छोट्या टाटा एसला '१४५ आर १२'. तुमच्या गाडीचं माप दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, ते बघा.

मापापर्यंत सगळे बघतात. त्याच्यापुढचा आकडा कोणी बघत नाही, आणि पिकअपवाल्यासाठी तोच खरा महत्त्वाचा. मापानंतर एक दोन-तीन अंकी आकडा आणि एक अक्षर असतं. हा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. एक टायर किती वजन उचलू शकतो, त्याचा तो कोड. १०० म्हणजे ८०० किलो. १०४ म्हणजे ९००. १०६ म्हणजे ९५०. १०८ म्हणजे बरोबर १००० किलो. ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०. अक्षर म्हणजे वेग: एन १४० पर्यंत, क्यू १६०, एस १८०. आपल्याला वेगाचं फार कौतुक नाही, वजनाचं बघू.

आता हिशोब करा. समजा तुमच्या आरसीवर गाडीचं मालासकट एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३००० किलो लिहिलंय. पिकअप भरली की साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर जातं. म्हणजे २००० किलो. मागं दोन चाकं, एकावर १००० किलो. म्हणजे टायरचा इंडेक्स निदान १०८ पाहिजे, आणि घाटातलं वळण, खड्डा, एका बाजूला सरकलेलं कपाट याचा विचार करून त्याच्याही वर पाहिजे. आता २१५/७५ आर १५ याच मापाचा एसयूव्हीचा ए/टी टायर १०० इंडेक्सचा येतो. तो ८०० किलोचा. दिसायला तुमच्या जुन्या टायरपेक्षा दणकट, गट्टू मोठे, भिंतीवर पांढरी अक्षरं. पण प्रत्येक मागच्या चाकामागं २०० किलो कमी ताकदीचा. आणि हा हिशोब कायद्यातल्या वजनाचा झाला. आपल्याकडं आरसीवर दीड टन आणि हौद्यात अडीच टन, हे काय नवीन आहे का?

म्हणून टायरवर 'एलटी' किंवा 'सी' हे अक्षर शोधा. एलटी म्हणजे लाईट ट्रक, सी म्हणजे कमर्शियल. त्याच्याबरोबर '८ पीआर' किंवा '१० पीआर' लिहिलेलं असतं. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. आत खरंच आठ थर असतात असं नाही, आठ थरांच्या जुन्या टायरएवढी ताकद आहे असा त्याचा अर्थ. एलटीवर इंडेक्सचे दोन आकडे असतात, जसं १०६/१०३. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकाचा. पिकअपला मागं एकच चाक, म्हणजे पहिला आकडा धरायचा.

थोडक्यात, ए/टी घ्यायचाच असेल तर जुन्या मूळ टायरवरचा इंडेक्स कागदावर लिहून न्या, आणि नवा टायर त्याच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तरच हात लावा. नक्षी नंतर बघायची.

टायर फुटतो का?

टायर खिळ्यानं पंक्चर होतो, पण फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेनं. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, वर गेला की सरळ होतो. मिनिटाला शेकडो वेळा हे दबणं-सुटणं चालतं. वजन जास्त किंवा हवा कमी, की भिंत जास्त वाकते, आत उष्णता साठते, रबर आणि आतल्या तारा एकमेकांपासून सुटायला लागतात. गावात वीस-तीसच्या वेगानं हे कळत नाही. खंबाटकी उतरून, खेड-शिवापूर टोल ओलांडून, पुढं एक्सप्रेसवेला तास-दोन तास सलग ८० च्या वेगानं गाडी पळाली की कळतं. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर सलग वेग आणि तापलेल्या टायरची चर्चा सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली, तिथं प्रवेशालाच टायर तपासायची वेळ आली. सिमेंटचा रस्ता, ऊन, सलग वेग आणि कमी हवा, या चारांची युती वाईट.

हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. टायरच्या भिंतीवर जो 'मॅक्स' दाब लिहिलेला असतो तो मारायचा आकडा नाही, ती कमाल मर्यादा आहे. मारायचा आकडा दरवाज्याच्या पट्टीवर असतो, आणि रिकाम्या गाडीचा वेगळा, भरल्या गाडीचा वेगळा असतो. चालून आल्यावर टायर गरम होऊन दाब चार-सहा पौंडांनी वाढतो. ते बघून पंपावरचा पोरगा हवा सोडतो. सोडू देऊ नका.

आपला रस्ता किती टक्के 'टेरेन' आहे?

जावळीच्या खोऱ्यातून वरळीला जायचं तर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्यात कच्चा रस्ता किती? घरापासून डांबरापर्यंत दोन, फार तर पाच किलोमीटर. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव किलोमीटर डांबर नाहीतर सिमेंट. अशा गाडीला ए/टी म्हणजे वर्षभर रेनकोट घालून हिंडणं.

याउलट दुसरा माणूस बघा. दुधाची गाडी, रोज वाड्या-वस्त्यांवर फिरणारी, मुरूम, खडी, ओढ्यातले दगड. किंवा खाणीवरून जांभा वाहणारा. किंवा ऊसाच्या फडात, कांद्याच्या वावरात गाडी आत घालणारा. त्याच्या दिवसातला निम्मा रस्ता कच्चा. त्याला ए/टीचा पैसा वसूल होतो. सुट्या खडीवर, ओल्या मुरमावर, गवतावर, दगडाच्या चढावर ए/टी रिबपेक्षा नक्की चांगली पकड घेतो. चांगल्या ए/टीची भिंत जाड असते, त्यामुळं जांभ्याच्या धारेनं बाजू चिरायची भीती कमी. बाजू चिरली की पॅच चालत नाही, टायर गेला म्हणून समजायचं.

एका गोष्टीत मात्र ए/टीकडून फार अपेक्षा ठेवू नका, ती म्हणजे काळी माती. खटाव, कोरेगावच्या काळ्या रानात पाऊस पडला की ती चिकण माती ए/टीच्या जवळजवळ असलेल्या गट्टूंमध्ये बसते आणि दोन फेऱ्यांत टायर गोटा होतो. मग ए/टी काय आणि झिजलेला रिब काय, दोन्ही सारखेच गरगरतात. तिथं एम/टी थोडं काम करतो, ट्रॅक्टर सगळ्यात चांगलं काम करतो. आपल्या बहुतेक पिकअप फक्त मागच्या चाकांवर ओढतात, आणि रिकामी असली की मागची बाजू हलकी. टायर बदलण्याआधी मागच्या एक्सलवर दोन-तीन वाळूची पोती टाकून बघा. पुष्कळ वेळा गाडी तेवढ्यानं निघते. हे पाटणच्या एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं, आणि पोत्यांना टायरएवढे पैसे पडत नाहीत.

चिखलात हवा कमी करून काढायची युक्ती खरी आहे. रिकाम्या गाडीला हवा थोडी उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. भरलेल्या गाडीला ते करू नका, आणि डांबराला लागायच्या आत हवा परत भरा. गाडीत छोटा १२ व्होल्टचा कंप्रेसर ठेवलेला बरा.

मुंबईतला रस्ता वेगळा त्रास देतो

वरळीला गाडी नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथं खडक नाही, चिखल नाही, पण पावसाळ्यात पाणी आहे. दादर-परळच्या हिंदमाताला साठणारं पाणी प्रसिद्धच आहे. पाण्यात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. हा थर फोडायला खाचांची खोली लागते. पेव्हर ब्लॉक, खोदलेल्या रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, ओली माती, सगळं घसरडं. इथं चांगला नवा रिब टायर जुन्या ए/टीपेक्षा उजवा. नवा ए/टी असेल तर तोही चालतो, पण ब्रेक लागायला थोडं जास्त अंतर धरून चालवावं.

आणि चाळीच्या परिसरात सध्या बांधकाम चालू आहे. जांबोरी मैदानाच्या आसपास, जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, तिथं डंपर येतात, त्यांच्याबरोबर खिळे, सळईचे तुकडे, तार. सामान भरायला गाडी उभी करायच्या आधी खाली उतरून जमीन बघा. ट्यूबलेस असेल तर खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. ट्यूबवाला टायर लगेच बसतो. ट्यूबलेसला बाहेरून दोरी घालून काढलेलं पंक्चर तेवढ्यापुरतं ठीक, पण परत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर भरून यायचं असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या. तास जाईल, जाऊ द्या.

वरळीत डॉ. ॲनी बेझंट रोडवर सीएट कंपनीचं मुख्यालय आहे, चाळीपासून फार लांब नाही. ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरीन शहरातली, १९२४ मधली. चाळी बांधल्या गेल्या त्याच काळातली. १९५८ मध्ये भारतात आली, भांडुपला कारखाना काढला, १९८२ मध्ये आरपी गोएंका समूहाकडं गेली. आता नाशिक आणि नागपूरकडंही कारखाने आहेत. गुडइयर औरंगाबादला वाळूजमध्ये, ब्रिजस्टोन चाकणला. टायर महाराष्ट्रात बनतो तरी गावातल्या दुकानात तीन-तीन वर्षं पडून असलेला मिळतो, ही आपली गंमत.

टायरचा जन्म दाखला

त्यासाठी भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ असेल तर २०२५ सालातला २३ वा आठवडा. हा आकडा काही वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळं फिट करायच्या आधी बघा, नाहीतर तो आतल्या बाजूला जातो. सहा महिने-वर्षाचा टायर घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर किमतीत उतरवा किंवा दुसरं दुकान बघा. रबर न वापरताही वाळतं. बारीक चिरा पडलेल्या असतील तर नवीन म्हणून घेऊच नका. याच न्यायानं स्टेपनी बघा. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी गाडीएवढी जुनी असते, नक्षी नवीकोरी आणि रबर लाकूड झालेलं.

आयएसआय चिन्ह टायरवर सक्तीचं आहे, ते नसेल तर तो टायर घेऊ नका. जीएसटीचं पण लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय, ट्रॅक्टरच्या टायरवर तर ५ टक्केच. बिलावर किती लावलाय ते वाचा. "बिलाशिवाय देतो, स्वस्त पडेल" म्हणणाऱ्याकडून घेतला तर कंपनीची वॉरंटी गेली. वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते, आणि ती मागायला बिल आणि टायरचा सिरियल नंबर लागतो.

तालुक्याच्या ठिकाणी 'रिमोल्ड ए/टी' निम्म्या किमतीत मिळतात. जुन्या टायरवर गट्टूवाली नवी नक्षी चढवलेली. आतला सांगाडा कोणाच्या गाडीवर किती वर्षं चालला ते कोणालाच माहीत नसतं. शेतातल्या ट्रॉलीला बसवा, पुढच्या चाकाला कधीच नको, आणि मुंबईच्या फेरीला तर नकोच.

मोठं माप, मोठी अडचण

ए/टीबरोबर पोरांना टायर मोठाही पाहिजे असतो. २१५/७५ आर १५ चा बाहेरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला तर ७३३. फरक ४ टक्क्यांच्या वर. काट्यावर ८० दिसतं तेव्हा गाडी ८३ ला पळत असते. चढाला ओढ कमी पडते, क्लच झिजतो, आणि भरल्या गाडीत, पाटे बसल्यावर टायर मडगार्डला घासतो. रुंद टायरला रिंगही रुंद लागते. शिवाय कंपनीनं तुमच्या मॉडेलला मंजूर केलेल्या मापाच्या बाहेर गेलात तर पासिंगच्या वेळी आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी प्रश्न निघू शकतो. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस आहेच.

डिझेलचाही हिशोब करा. ए/टी जड असतो आणि डांबरावर जास्त घासतो. समजा गाडी लिटरला १२ देत होती आणि साडेअकरा द्यायला लागली. महिन्याला ३००० किलोमीटर असतील तर २५० लिटरच्या जागी २६१ लिटर. अकरा लिटर जास्त, म्हणजे आजच्या भावात हजार रुपयांच्या आसपास. वर्षाला बारा हजार, यात एक टायर येतो. तुमच्या गाडीचा फरक कमी-जास्त असेल, टाकी फुल टू फुल करून मोजा.

मधला मार्ग

पुढं रिब आणि मागं गट्टूवाला लग, ही ट्रकवाल्यांची जुनी पद्धत आहे आणि पिकअपलाही चालते. पुढचं चाक दिशा देतं, मागचं ओढतं. ज्यांची गाडी आठवड्यातून एक-दोनदा मुंबईला आणि बाकीचे दिवस शिवारात, त्यांनी मागचे दोन एलटी ए/टी आणि पुढचे दोन एलटी रिब घ्यावेत असं माझं मत आहे. चारही मापं सारखी, एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच जातीचे, एकाच कंपनीचे, झीज सारखी. रेडियल आणि साधा नायलॉन टायर एका एक्सलवर कधीच नको. फोर-व्हील ड्राईव्ह गाडीला ही भेसळ चालत नाही, तिला चारही सारखेच लागतात, नाहीतर गिअरबॉक्सवर ताण येतो.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागं बसवा. पुष्कळ जण नवे पुढं बसवतात, स्टिअरिंग नीट राहील म्हणून. पण मागचं चाक घसरलं तर गाडी गोल फिरते, ती सावरत नाही. पुढचं घसरलं तर निदान वेग कमी करून सावरायला वाव असतो.

नक्षी किती राहिली ते बघायला टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेच्या तळाला बारीक उंचवटा असतो, तो १.६ मिलिमीटरचा. नक्षी तिथपर्यंत आली की टायर कायद्यानंही संपला. पावसाळ्यात वरळीच्या फेऱ्या करणाऱ्यानं ३ मिलिमीटरलाच विचार सुरू करावा. ए/टीचे गट्टू एका कडेनं जास्त झिजतात, त्यामुळं ७-८ हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घ्या. पुढं रिब, मागं ए/टी असेल तर फक्त डावं-उजवं बदलायचं, तेही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. नवे टायर बसवल्यावर पहिल्या ५०-१०० किलोमीटरला थांबून नट परत आवळा. साताऱ्याहून निघालात तर शिरवळच्या चहाला हे काम होऊन जातं.

चाळीतलं सामान आणणाऱ्यांसाठी अजून एक. कपाट उभं ठेवू नका. उंच सामानानं गाडीचा तोल वर जातो, घाटाच्या वळणाला बाहेरच्या दोन टायरवर सगळा भार येतो. जड वस्तू खाली, केबिनकडं, मध्यभागी. आणि सामानावर माणसं बसवून आणायची पद्धत बंद करा. घरातली म्हातारी माणसं एसटीनं किंवा रेल्वेनं येऊ देत, पाटा-वरवंटा मागून येईल.

निघालेले जुने टायर दुकानात देऊन किंमत कमी करून घ्या. घरी आणलेच, मुरघासाच्या कागदावर दाबायला किंवा गोठ्याच्या पत्र्यावर ठेवायला, तर प्रत्येकाला खालच्या बाजूनं दोन-तीन भोकं पाडा. पावसाचं पाणी आत साठलं की डेंग्यूचा डास तिथंच अंडी घालतो.